इनास मुकादमाची पांढरी रेघ

इनास मुकादम उलटा चालायचा. म्हणजे रस्त्यानं नव्हे; रस्त्यानं तो चारचौघांसारखाच चालायचा. पण हातात चुन्याचा डबा आला की तो जायच्या दिशेकडे पाठ करायचा आणि एकेक पाऊल मागे टाकत निघायचा. डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली सात-आठ भोकं होती. त्यातून चुना भुरभुरत राहायचा आणि त्याच्या पायांपुढे पांढरी रेघ उमटत जायची. वाटेत दगड असो, खाचखळगा असो, इनास मान वळवत नसे. मी नवा होतो तेव्हा एकदा न राहवून म्हणालो, "मुकादम, पडाल की हो एखाद्या दिवशी!" डबा न थांबवता तो म्हणाला, "रेघ डोल्यांम्होरं पायजे, भाऊ. पाठीला काय हाय ता मना म्हायत हाय."

राई आणि डोंगरी या गावांच्या मधे, खाडीच्या अंगाला, एक मोठा माळ होता. तिथे साहेबलोकांनी गोल्फचं मैदान केलं होतं. आज हे सांगितलं तर ऐकणारा माझ्याकडे संशयानं बघतो, पण होतं. नऊ होलांचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ भोकांचं, लहानसं. हिरवळ नावालाच, पावसाळा सरला की गवत पिवळं पडायचं आणि होलांभोवती तेल शिंपडलेल्या वाळूचे काळपट गोल तेवढे उठून दिसायचे. शनिवारी मुंबईहून साहेब भाईंदरला उतरायचे, टांगे करून माळावर यायचे आणि रविवारी संध्याकाळी उन्हानं लाल होऊन परत जायचे. मी मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा, म्हणून तिथे कारकून. इनास डोंगरीचा, पन्नाशीचा, अक्षरशत्रू, म्हणून मैदानाचा मुकादम. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर कप्तानसाहेब. क्लबच्या मुख्याला कप्तान म्हणायची तिथे पद्धत होती. आमचे कप्तान जन्मात फौजेत नव्हते, पण बोलणं सगळं तोफखान्यातलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. या खेळात मैदानावर मुद्दाम खड्डे करून त्यात रेती भरतात. त्याला बंकर म्हणतात. चेंडू बंकरमध्ये पडला की खेळणाऱ्यानं आत उतरून, रेतीत पाय रोवून तो बाहेर मारायचा. हातानं उचलायची सोय नाही. उचलला की दंड. मात्र मैदानाचा एखादा तुकडा दुरुस्तीत असला तर गोष्ट वेगळी. त्याभोवती चुन्याची रेघ मारतात, आणि रेघेच्या आत गेलेला चेंडू बिनदंड उचलून बाहेर टाकता येतो. ही रेघ मारायचं काम इनासचं. ज्यांच्यापुढे तो एरवी डोक्यावरची टोपी काढून उभा राहायचा, ते साहेब त्याच्या रेघेपाशी मुकाट थांबायचे. मला त्याची फार मजा वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा.

चेंडू आत की बाहेर यावर भांडण झालं की मैदानभर हाक जायची, "इनास!" तो हातातलं काम टाकून यायचा, पोटावर आडवा व्हायचा, गाल जमिनीला लावायचा आणि एक डोळा मिटून रेघेकडे बघायचा. मग उठून अंगावरची माती झटकत म्हणायचा, "रेघेव हाय. रेघेव हाय म्हंजे आत हाय." नियमही तेच सांगतो. एका मुंबईच्या साहेबाचा चेंडू एकदा रेघेच्या बाहेर वीतभर अंतरावर वाईट जागी अडकला होता. आजूबाजूला दुसरा कुणी साहेब नाही असं बघून त्यानं इनासला सिगारेटचा आख्खा डबा देऊ केला आणि रेघ जरा फुगवायची खूण केली. इनासनं डबा हुंगला आणि परत दिला. "वास बेस हाय, सायब. पन मी रेघ चेंडूला बघून मारीत न्हाय, जमिनीला बघून मारतंय." मी शेजारी होतो. मी त्याचं भाषांतर करताना 'मुकादम दिलगीर आहे' एवढंच सांगितलं. साहेबांपुढे सगळंच सौम्य करून सांगायची मला तेव्हा सवय होती.

पावसाळ्यात मैदान बंद असलं की तो कचेरीच्या दारात येऊन बसायचा आणि म्हणायचा, "वाच." मी नियमांचं इंग्रजी पुस्तक काढून त्याला मराठीत सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि नको तिथे अडवायचा.

"यो नेम कुनी केला?"

"विलायतेत करतात, मुकादम."

"विलायतेला बावखला हायत?"

"नसावीत."

"मंग त्यांना काय म्हायत," असं म्हणून तो तंबाखू मळायला लागायचा.

बावखल म्हणजे आमच्याकडची शेतातली उघडी, रुंद तोंडाची विहीर. तळं म्हणा हवं तर. हा प्रश्न तो वरचेवर का विचारायचा हे मला पाचव्या होलची हकीकत कळली तेव्हा उमगलं.

पाचवं होल खाडीच्या सगळ्यात जवळ होतं. त्याच्या तोंडाशी मैदानातला सगळ्यात मोठा बंकर होता, पुरुषभर खोल आणि वीस पावलं लांब. कप्तानसाहेबांचा तो जीव की प्राण होता. मुंबईच्या कुठल्याही मैदानावर असा बंकर नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. मैदान होण्याआधी त्या जागी इनासच्या वाडवडलांचं बावखल होतं. जमीन क्लबकडे गेली तेव्हा बावखलात दगडगोटे, झाडांची खोडं, फांद्या, मिळेल ते टाकून ते बुजवलं, आणि बाकी राहिलेल्या खळग्यात वरून रेती ओतून त्याचा बंकर केला. आयता खड्डा मिळाला म्हणून साहेब खूश झाले. इनास तेव्हा मजूर होता. भर टाकणाऱ्यांत तोही होता. "खोडा टाकली आमी," तो मला म्हणाला होता. "खोड पान्यात किती वरसा टिकते? दहा? पंधरा? मंग ता कुजते, ना जमीन खाली बसते. बसनार म्हंजे बसनार."

ती बसायला लागली तेव्हा मी क्लबात लागून तीनेक वर्षं झाली होती. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण आलं की दुसऱ्या दिवशी बंकरची रेती मधोमध हातभर खाली गेलेली असायची. रेतीला चिखलाचा वास यायचा. खाडी तिथून चांगली लांब, पण त्या रेतीत खेकड्यांची बिळं दिसू लागली. एकदा रेती सारखी करणाऱ्या बायांनी एक दंताळं आत विसरलं. सकाळी बघितलं तर दांड्याचं टोक तेवढं वर होतं. आणि इनासनं ते ओढायला हात घातला तेव्हा तेही हळूच आत गेलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता.

त्या दिवशी इनासनं डबा घेतला आणि आख्ख्या बंकरला बाहेरून, काठापासून दोन हात सोडून, गोल रेघ मारली. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "फलीव लिव. पाचवीचा बंकर पुरा दुरुस्तीत." कचेरीच्या भिंतीला एक काळी फळी होती. मैदानाचे त्या दिवसाचे खास नियम मी तिच्यावर खडूनं इंग्रजीत लिहायचो, आणि खेळायला निघण्याआधी प्रत्येक साहेब ती वाचायचा. मी लिहिलं. पुढची दोन वर्षं ती ओळ फळीवरून हलली नाही.

या दोन वर्षांत इनासनं त्या खड्ड्यापायी जिवाचं रान केलं. उत्तनच्या किनाऱ्यावरून बैलगाडीनं रेती यायची. ती वाहायला चार बाया होत्या. इनास त्यांना काठावरच टोपल्या रिकाम्या करायला लावायचा. आत पाय ठेवू द्यायचा नाही. रोज सकाळी तो एक लांब वेळू काठावरून रेतीत खुपसायचा, ओल कुठवर आली ते बघायचा आणि मान हलवत परत यायचा. चुनाही त्याच्या घरचा. त्याची बायको रोजाबाय दारातल्या भट्टीत शिंपल्या भाजून चुना करायची. क्लब बाजारचा चुना देत होता, पण तो इनासला पसंत नव्हता. दवानं विरघळतो म्हणायचा. मग लढाई सुरू झाली, किनाऱ्यावर पहारे बसले आणि रेती उचलायला बंदी आली. तेव्हापासून खड्डा बसत राहिला आणि भर पडायची थांबली. इनास बोलेनासा झाला. पूर्वी रेघ मारून झाली की तंबाखू मळत गप्पा मारायचा. आता काठावर उकिडवा बसून नुसता आत बघत राहायचा. मी हाक मारली तर म्हणायचा, "ऐक." मी कान द्यायचो. मला काहीच ऐकू यायचं नाही. त्याला येत असावं.

दर वर्षी हिवाळ्यात क्लबचा चषकाचा सामना असे. त्या साली मुंबईचे बडे पाहुणे येणार होते. आठवडाभर आधी कप्तानसाहेब कचेरीत आले आणि फळीपुढे उभे राहिले. पाहुणे हसतील, म्हणाले. पाचव्या होलची सगळी शान त्या बंकरात, आणि तोच दोन वर्षं दुरुस्तीत! चेंडू आत गेला तरी माणूस हसत हसत उचलून गवतावर ठेवतो. याला खेळ म्हणायचं का? मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, बंकरचा थोडाच भाग दुरुस्तीत असेल तर नियम काय सांगतो?

मला उत्तर पाठ होतं. इनासला वाचून दाखवून दाखवूनच पाठ झालं होतं. 'मला बघावं लागेल' असं म्हणता आलं असतं. पण कप्तानसाहेबांनी मला काही विचारावं असा तो पहिलाच प्रसंग, आणि मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा. मी पुस्तक न उघडता घडाघडा सांगितलं. आख्खा बंकर दुरुस्तीत असेल तर चेंडू बाहेर गवतावर टाकायचा. पण बंकरचा एक भाग दुरुस्तीत असेल तर चेंडू त्याच बंकरच्या उरलेल्या भागात, रेतीतच टाकायचा आणि तिथून मारायचा. कप्तानसाहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. ती थाप मला दिवसभर गोड लागली, हे लिहायला आज लाज वाटते, पण तसं झालं खरं.

इनासला बोलावणं गेलं. साहेबांचं हिंदुस्थानी यथातथाच. "मुकादम, पुरा लाइन मिटाव. आधा मारो. खाडी का साइड, बस." इनासनं माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"सायब, खाली बावखल एकच हाय. ता अर्धा न्हाय बसनार."

मी भाषांतर केलं. माझ्या पद्धतीनं. 'मुकादमाला वाटतं की पूर्ण रेघ जास्त बरी दिसेल.' साहेब म्हणाले, दिसण्याचं मी बघतो.

बाहेर पडल्यावर इनास मला म्हणाला, "तू काय सांगतलास त्याला? मी येवडा बोललंय, ना तू येवडासा बोलला." त्यानं केरसुणी घेतली आणि दोन वर्षांची रेघ स्वतःच्या हातानं पुसली. तिथलं गवत चुन्यानं जळून पांढरं पडलं होतं, ते काही पुसलं गेलं नाही. मग त्यानं डबा उचलला आणि बंकरच्या खाडीकडच्या अर्ध्या भागाला रेघ मारली. बंकरच्या मधून जाणारी रेघ मात्र त्यानं आत न उतरता, काठावर आडवा पडून, वेळूच्या टोकाला चुन्याची पुरचुंडी बांधून काढली. इतकी वाकडी रेघ त्याच्या हातून मी कधी पाहिली नव्हती.

सामन्याच्या तीन दिवस आधी सरावाचा खेळ होता. इनास सकाळपासून पाचव्या होलपाशी उभा. ज्याचा चेंडू बंकरमध्ये जाई त्याला तो दोन्ही हात पसरून अडवी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणे, "नो गो, सायब. नो गो." दोघांनी ऐकलं. तिसऱ्यानं कप्तानसाहेबांकडे तक्रार केली. सामन्याच्या दिवशी मुकादम पाचव्या होलच्या आसपास दिसता कामा नये, असा हुकूम निघाला. सामन्याच्या त्याच दिवशी पौर्णिमा होती. मला ते ठाऊक नव्हतं. इनासला ठाऊक होतं, कारण त्याच्या घरात भरती-ओहोटी बघून चुलीवर भांडं चढायचं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो कचेरीत आला. पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसला.

"भाऊ, उद्या पावने येतील. त्यांना मी म्हायत न्हाय, तू म्हायत न्हाय. त्यांना फकस्त ती फली म्हायत. तू फलीव पुरा लिव."

"मुकादम, साहेबांनी अर्धा लिहायला सांगितलंय. माझी नोकरी जाईल."

"नोकरी जाल. दुसरी मिलल."

"तुम्हाला काय जातंय बोलायला!"

"मना?" त्यानं स्वतःचे तळहात उघडून बघितले. "माज्या हातानं टाकलेली खोडा हायत ती. कोनी पडला त मी काय सांगू?"

मी म्हणालो, उद्या सकाळी बघू. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो. माझ्या मनात तसं काही नव्हतं. त्याला ते कळलं असावं. तो उठला, माझ्यासमोरच्या टेबलावरच्या नियमांच्या पुस्तकावर उगाच हात फिरवला आणि गेला.

सकाळी मी फळीवर लिहिलं, 'पाचव्या होलचा बंकर, खाडीकडील भाग दुरुस्तीत.' छान वळणदार अक्षरात लिहिलं. तोवर पाहुण्यांचे टांगे राईच्या वळणावर दिसायला लागले होते. सामन्यापूर्वी प्रत्येक बंकरच्या रेतीवरून दंताळं फिरवून ती एकसारखी करायची रीत होती. आठ बंकर बायांनी केले होते. नववा, पाचव्या होलचा, राहिला होता. कप्तानसाहेब घड्याळ बघत ओरडले, "पाचवा कोन करेगा?" आणि बायांना तिकडे पिटाळलं.

पुढचं मी कचेरीच्या पायरीवरून बघितलं. कचेरी उंचवट्यावर होती, बंकरच्या आतलंही सगळं स्वच्छ दिसत होतं. चौघी बाया दंताळी घेऊन बंकरच्या काठाशी पोचल्या. इनासला तिथे यायची बंदी होती, पण तो कुठूनसा धावत आला, आणि त्यानं चौघींना मागे ढकललं. हो, ढकललंच, एक तर पडली. तिच्या हातातलं दंताळं घेतलं आणि स्वतः आत उतरला. रेतीवर दंताळं फिरवणारा माणूस उलटाच चालतो, नाहीतर त्याचीच पावलं मागे राहतात. इनास चुन्याच्या रेघेपासून सुरुवात करून एकेक पाऊल मागे टाकत चांगल्या भागात यायला लागला. त्याच्यापुढे रेती छान सारखी होत चालली होती. मला वाटलं, बघा, उगाच घाबरवत होता. तेवढ्यात तो गुडघ्यापर्यंत दिसेनासा झाला.

आवाज झाला नाही. रेती नुसती बसली. मी धावलो. धावता धावता त्याचं ओरडणं ऐकलं. वाचवा म्हणत नव्हता. "कोनी येव नका! काठाव येव नका!" असं म्हणत होता. त्यानं दंताळं आडवं धरलं होतं आणि त्याच्यावर छाती टेकली होती. मी पोचलो तेव्हा रेती त्याच्या काखेपर्यंत आली होती आणि भोवतीनं पाणी वर येत होतं. बायांनी लुगडी गाठी मारून टाकली. एक पदर त्याच्या हाताला लागला, त्यानं धरलाही. पण तो ओढताना काठच खचायला लागला. ते बघून त्यानं पदर सोडून दिला. सुटला नव्हता, सोडला होता; मी चार हातांवर होतो. मग दंताळ्याचं एक टोक वर आलं.

दुपारी ओहोटी लागल्यावर फळ्या टाकून त्याला काढला. सामना पुढच्या शनिवारी झाला. पाचवं होल वगळून.

चौकशीला एक अंमलदार आला. त्यानं मला तीन प्रश्न विचारले. जागा दुरुस्तीत आहे अशी खूण होती का? होती. ती खूण कुणी केली? मुकादमानं. मुकादमाला तिकडे जायला मनाई होती का? होती. तिन्ही उत्तरं खरी होती. कप्तानसाहेब शेजारच्या खुर्चीत बसून पाइप ओढत होते. अंमलदारानं चौथं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अर्धी रेघ कुणी मारायला लावली, नियम कुणी सुचवला, पूर्ण लिही म्हणून कोण माझ्यापुढे येऊन बसलं होतं, यातलं काहीही कागदावर आलं नाही. मी सही केली.

महिन्याभरानं क्लबनं रोजाबायच्या नावानं एक पत्र धाडलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. ते घेऊन मलाच जावं लागलं. डोंगरीच्या त्यांच्या घरी ओट्यावर ती बसली होती. म्हणाली, "वाच, भाऊ." कागदावर चार ओळी होत्या. मनाई असलेल्या, स्वतःच खूण केलेल्या जागी मुकादम आपल्या निष्काळजीपणानं गेला व त्यास मृत्यू आला. क्लबकडे कोणताही दोष नाही. क्लबला दुःख आहे.

ते मला वाचवेना. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि सांगायला लागलो. इनास मुकादमानं दोन वर्षं सगळ्यांना बजावलं होतं, असं लिहिलंय. त्यानं पूर्ण रेघ मारली होती, ती पुसायला लावली ही चूक झाली, असं लिहिलंय. कचेरीतल्या माणसानं फळीवर पूर्ण लिहायला हवं होतं, असंही लिहिलंय. तो आत उतरला म्हणून चार बाया वाचल्या, आणि कदाचित एखादा साहेबही वाचला, असं लिहिलंय. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. रोजाबाय खाली बघून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं कागद घेतला, नीट घडी केली आणि म्हणाली, "चांगला वाचतोस." पुढे कळलं की तिनं तो काचेत बसवून घेतला आणि घरातल्या क्रुसाशेजारी टांगला.

तेव्हापासून मी डोंगरीची वाट टाळली. क्लबही मी सोडला, भाईंदरला मिठागराच्या कचेरीत लागलो. लढाई संपली, पुढे साहेब गेले, मैदान मोडलं. माळावर पुन्हा गुरं चरायला लागली आणि पाचव्या होलच्या जागी गावकऱ्यांनी काट्यांचं कुंपण घातलं. एक दिवस बातमी लागली, इनासच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईला कुठल्याशा कंपनीत टंकलेखक. रविवारी माणसं घेऊन घर बघायला यायचा होता. मुंबईचा टंकलेखक म्हणजे इंग्रजी त्याच्या हातचा मळ. तो घरात शिरणार, क्रुसापुढे हात जोडणार आणि शेजारचा कागद वाचणार. भरल्या घरात, रोजाबायच्या माणसांपुढे, त्या चार ओळी मोठ्यानं वाचणार. शनिवारी सकाळी मी उठलो आणि डोंगरीला गेलो.

रोजाबाय भट्टीपाशी शिंपल्या निवडत होती. केस सगळे पांढरे झाले होते. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. त्या कागदावर मी वाचलं तसं काहीच नाही, म्हटलं. काय आहे तेही सांगितलं, शब्द न शब्द. फळीचं सांगितलं. साहेबांना नियम मीच पढवला हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिलो. ती शिव्या देईल, रडेल, असं वाटत होतं.

ती शिंपल्या निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मना म्हायत हाय."

"कुणी सांगितलं? पाद्रीबाबांनी?"

"कोनी न्हाय. कागदाव चार ओली, ना तू वाचीत बसलास येवडा वेल. मना वाचाया येत न्हाय, मोजाया येते."

"मग काचेत का लावलात?"

"तू बोलला ता खरा व्हता म्हनून. दुसऱ्या कोनी ता बोललाच न्हाय." तिनं हातातली शिंपली बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "पन, भाऊ, ता तू माज्या ओट्याव बोललास. सायबाच्या म्होरं बोलाचा व्हता."